चमत्कार बघून रडलो, आता आईला कुठल्या तोंडाने अडवू?

पत्र आलंय पुण्याहून, थोडं लहान करून देते:

"ताई, मला अरे-तुरेच करा. मी ३६ वर्षांचा, आयटीत आहे. बाबा आयुष्यभर अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करायचे, शाळाशाळांतून चमत्कार करून दाखवायचे आणि मग त्यामागची ट्रिक समजावायचे. आमच्या घरात देवघर नव्हतं. मागच्या वर्षी त्यांना हार्टचा त्रास निघाला. दोन डॉक्टरांची दोन मतं पडली. मी रिपोर्ट, रिस्क, टक्के सगळं एक्सेलमध्ये मांडलं आणि ऑपरेशन करायचं ठरवलं, आकडे त्याच बाजूने होते. बाबा टेबलवरून परत आले नाहीत. परवा मित्राकडे 'ऑर्डेट' बघितला आणि शेवटी ती मेलेली बाई उठते तिथे मी हमसून हमसून रडलो. बायको म्हणाली, बघ, आत कुठेतरी तुझा विश्वास आहेच. इकडे एक नातेवाईक आईला कुठल्याशा महाराजांकडे नेतायत, बाबांचा आत्मा अडकलाय म्हणे, विधीला पैसे लागतील म्हणे. मी थांबवायला गेलो आणि तोंडातून शब्दच फुटेना. स्वतः चमत्कार बघून रडणारा माणूस तिला काय सांगणार? बाबांशी बेईमानी केल्यासारखं वाटतंय."

मित्रा, आधी घाईचं बोलून घेते. त्या महाराजांना एक रुपयासुद्धा द्यायचा नाही, आणि आधी दिले असतील तर यापुढे द्यायचे नाहीत. नवरा गेलेल्या बाईला तुझ्या नवऱ्याचा आत्मा अडकलाय म्हणून घाबरवायचं आणि वर पैसे मागायचे, हे काय चाललंय ते कळायला नास्तिक असावं लागत नाही, माळकरी घरातली माझी आजीसुद्धा असल्या माणसाला उंबऱ्याच्या आत घ्यायची नाही. चमत्काराचा दावा करून लोकांना फसवणं, पैसे उकळणं हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, आणि तो कायदा यावा म्हणून तुझ्या बाबांसारख्या लोकांनी वर्षानुवर्षं चपला झिजवल्यात, दाभोलकरांनी तर जीव गमावलाय. हे सगळं तू रडलास म्हणून बदलत नाही. का बदलत नाही ते मात्र सावकाश सांगते, कारण तू या घोळात सिनेमातून शिरलायस तर बाहेरही तिकडूनच पडावं असं मला वाटतं.

ज्यांनी ऑर्डेट बघितला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: डेन्मार्कचा सिनेमा, १९५५ चा, दिग्दर्शक कार्ल ड्रायर, व्हेनिस चित्रपट महोत्सवाचं गोल्डन लायन हे बक्षीस मिळालेला. मूळ नाटक काइ मुंक नावाच्या पाद्र्याचं, जटलंडमधल्या एका खेड्यात तो पाद्री होता आणि १९४४ च्या जानेवारीत नाझींच्या गेस्टापोने त्याला मारलं. गोष्ट शेतावरच्या एका कुटुंबाची आहे. म्हातारा मॉर्टन बोर्गन श्रद्धाळू, थोरला मुलगा मिकेल याचा देवावर विश्वास नाही, मधला योहानेस धर्मशास्त्र वाचून वाचून भ्रमिष्ट झालाय आणि स्वतःला येशू समजतो, धाकटा अँडर्स शिंप्याच्या मुलीच्या प्रेमात पडलाय पण शिंप्याचा पंथ वेगळा म्हणून दोन म्हातारे लग्न अडवून बसलेत. मिकेलची बायको इंगर, या सगळ्यांना सांभाळून घेणारी, पोटुशी आहे. बाळंतपण अडतं, डॉक्टर येतो, बाळ जातं, इंगर वाचली असं वाटतं, डॉक्टर कॉफी पितो, सिगार ओढतो, म्हाताऱ्याला हसत विचारतो की आज तुमच्या प्रार्थनेने जास्त काम केलं की माझ्या उपचारांनी, आणि निघून जातो. आणि मग इंगर जाते.

आता मला सांग, तू नेमका कुठे रडलास? ती उठली तिथे, असं तू लिहिलंयस, पण मला वाटतं गळा त्याआधीच दाटला असणार. शवपेटी उघडी आहे, झाकण लावायची वेळ आलीय आणि मिकेल कोसळतो. म्हातारा बाप त्याची समजूत काढतो की तिचा आत्मा आता इथे नाही, तो देवाकडे आहे. त्यावर मिकेल म्हणतो की पण तिचं शरीर इथे आहे, माझं तिच्या शरीरावरही प्रेम होतं. अख्ख्या सिनेमात प्रार्थना, पंथ, कोणाचा देव खरा यावर इतकं बोलणं झालंय आणि सगळ्यात खरं वाक्य बोलतो तो विश्वास नसलेला माणूस. त्याला आत्म्याची बातमी नकोच आहे, त्याला ती हवीय, हात लावता येईल अशी.

आणि पुढे जे होतं तेही बघ कसं होतं. योहानेस परत आलाय, आता शुद्धीवर आहे, इंगरची छोटी मुलगी मारेन त्याचा हात धरून उभी आहे, तिला एवढंच हवंय की काकाने आईला उठवावं. तो हाक देतो. उजेड पडत नाही, आकाशवाणी होत नाही. आधी जोडलेले हात जरासे हलतात, सुटे होतात, मग डोळे उघडतात. मिकेल तिला उचलून धरतो आणि ती त्याला ज्या आवेगाने बिलगते, तोंड त्याच्या गालावर ज्या भुकेने दाबते, ते बघताना जरा अवघडायलाच होतं कारण ते इतकं शारीरिक आहे. अँडर्स जाऊन थांबवलेलं घड्याळ पुन्हा सुरू करतो. इंगरचं काम करणारी बिर्गिट फेडरस्पील शूटिंगच्या काळात खरंच गरोदर होती आणि बाळंतपणाच्या सीनमधलं कण्हणं ड्रायरने तिच्या खऱ्या बाळंतपणात रेकॉर्ड केलेलं आहे. म्हणजे या माणसाला चमत्कार दाखवायचा होता पण तो घाम, कळा, लाळ, घड्याळाची टिकटिक यांच्यातून दाखवायचा होता.

तुझे बाबा स्ट्रेचरवरून आत गेले आणि ज्या बाबांना तू हात लावून पाठवलंस ते परत आले नाहीत. तुला ते तसेच परत हवेत, हाताला लागतील असे, आणि पडद्यावर एका माणसाला त्याचं माणूस तसं परत मिळालं. तू रडलास ते यासाठी रे. यात देव मानला की नाही मानला हा प्रश्न येतोच कुठे! बायको बोलली ते प्रेमाने बोलली असेल, तिच्याशी भांडू नकोस, पण तिचा निष्कर्ष घाईचा आहे. एखादी गोष्ट व्हावी असं जिवाच्या आकांताने वाटणं वेगळं आणि ती होते असं मानणं वेगळं, हे दोन्ही एकाच माणसात सुखाने राहू शकतं, मिकेलमध्ये शेवटच्या मिनिटापर्यंत राहिलेलं आहेच की.

इथे एक सांगायला हवं, ड्रायर माझ्याशी सहमत झाला नसता. त्याने या सिनेमाबद्दल लिहिताना म्हटलं होतं की आइन्स्टाइननंतरच्या नव्या विज्ञानामुळे असल्या गोष्टी निसर्गाला धरूनच घडू शकतात असं समजायची वाट मोकळी होतेय, साधारण असा त्याचा सूर होता. मला हे अजिबात पटत नाही. सापेक्षतावादाचा आणि मेलेली बाई उठण्याचा काही संबंध नाही, आणि सिनेमाला त्या आधाराची गरजही नाही. सिनेमा त्याच्या या स्पष्टीकरणापेक्षा खूप मोठा आहे, कारण सिनेमा काहीच स्पष्ट करत नाही. पाद्री आणि डॉक्टर दोघेही त्या खोलीत आहेत, दोघेही शिकलेले, आणि दोघांचंही शिक्षण तिथे अपुरं पडतं.

आता एक्सेलचं, आणि मला वाटतं तुझं खरं पत्र इथे आहे, ऑर्डेट हे निमित्त झालं. क्रिस्तोफ किश्लोव्स्कीची 'डेकॅलॉग' नावाची पोलिश मालिका आहे, टीव्हीसाठी केलेली, १९८८ च्या सुमाराची, बायबलमधल्या दहा आज्ञांवरून दहा भाग, प्रत्येक साधारण तासाभराचा, क्रिस्तोफ पिएसिएविच नावाच्या वकिलाबरोबर त्याने लिहिलेली. वॉर्सातल्या एका हाउसिंग इस्टेटमध्ये सगळं घडतं. पहिल्या भागात विद्यापीठात शिकवणारा एक बाप आहे आणि त्याचा पावेल नावाचा मुलगा, हुशार, गोड, दोघं मिळून घरच्या कम्प्युटरवर गणितं सोडवतात. बापाचा कम्प्युटरवर आणि मोजण्यावर विश्वास आहे. पोराला रस्त्यात थंडीने मेलेलं कुत्रं दिसतं आणि तो घरी येऊन विचारतो, मरण म्हणजे काय. बाप प्रामाणिकपणे सांगतो की हृदय रक्त पंप करायचं थांबतं, मेंदूला रक्त पोचत नाही, सगळं बंद पडतं. मग उरतं काय? तर माणसाने जे केलं ते उरतं, त्याची आठवण उरते. पावेलची आत्या इरेना श्रद्धाळू आहे, तिला तो देवाबद्दल विचारतो तेव्हा ती त्याला मिठीत घेते आणि विचारते, आता तुला काय वाटतंय? तो म्हणतो, मला तू आवडतेस. ती म्हणते, मग तो यातच आहे.

पोराला नवे स्केट्स मिळणार आहेत आणि तळं गोठलंय. बाप तापमानाचे आकडे घेतो, बर्फ किती जाड, किती वजन पेलेल याचं गणित कम्प्युटरवर करतो. उत्तर भक्कम येतं. आणि हे लोक नेहमी विसरतात, तो तेवढ्यावर थांबत नाही, रात्री स्वतः तळ्यावर जातो, बर्फावर चालून बघतो, पाय आपटून बघतो. दुसऱ्या दिवशी तो घरी काम करत बसलेला असताना टेबलावर शाईची बाटली फुटते आणि निळी शाई कागदांवर पसरत जाते. बाहेर सायरन वाजायला लागतात. बर्फ फुटलाय.

या भागाबद्दल बरेच जण लिहितात की बघा, विज्ञानाचा गर्व झाला म्हणून शिक्षा झाली. मला हे वाचून राग येतो. त्या बापाने काय चूक केली? त्याने कोणाला दुर्लक्षित केलं? आकडे घेतले, गणित केलं, परत स्वतःच्या वजनाने तपासलं. यापेक्षा जास्त काळजी कुठल्या बापाने घेतली असती? आणि देवाच्या बाजूनेही सिनेमा कसलाच दिलासा देत नाही. आत्याच्या श्रद्धेने पोरगं वाचलं नाही. बाप अर्धवट बांधलेल्या चर्चमध्ये जाऊन वेदीचं टेबल उलथवतो, मेणबत्त्या कलंडतात, मेणाचे थेंब मेरीच्या चित्रावर गालांवरून ओघळतात, आसवांसारखे दिसतात, पण असतात ते मेणच. शेवटी तो गोठलेल्या पवित्र पाण्याची चकती उचलून कपाळाला लावतो. त्याला श्रद्धा मिळाली का? मला नाही वाटत. त्याच्या कपाळाला गार काहीतरी हवं होतं आणि तिथे तेवढंच होतं.

तू आकडे मांडलेस ते बरोबर केलंस. डॉक्टर जेव्हा टक्के सांगतात तेव्हा ते शंभर माणसांबद्दल बोलत असतात, आणि टेबलवर झोपलेला माणूस एकच असतो, त्याच्यासाठी काही टक्के वगैरे काही नसतं, तो एक तर परत येतो नाही तर येत नाही. बुद्धीची हद्द इथे आहे. तुझी बुद्धी कमी पडली असं नाही, कोणाचीही इथपर्यंतच पोचते. निर्णय बरोबर होता आणि बाबा गेले, ही दोन वाक्यं एकत्र खरी आहेत आणि त्यांच्यामध्ये "म्हणून" घालायला जागा नाही. ऑपरेशन न करता सहा महिन्यांनी गेले असते तर आज तू दुसऱ्या बाजूने स्वतःला खात बसला असतास.

आणि आता बघ, तो महाराज नेमकं काय विकतोय. त्याच "म्हणून"ची जागा विकतोय. आत्मा अडकलाय, म्हणून तुम्हाला त्रास होतोय, हा विधी केला की सुटेल, इतके पैसे. कारण मिळालं, उपाय मिळाला, भाव ठरला. तुझ्या आईला गेल्या वर्षभरात कोणी कारण दिलेलं नाही, त्याने दिलं. वाईट वाटून घेऊ नकोस पण तूही स्वतःला तेच देतोयस, मी चुकलो म्हणून बाबा गेले. त्यातही कारण मिळतं, आणि शिक्षाही मिळते, फक्त पैसे द्यावे लागत नाहीत. जिथे आपल्याला काही कळत नाही ती जागा मोकळी ठेवणं फार अवघड असतं, माणूस तिथे घाईघाईने काहीतरी आणून ठेवतो, कोणी महाराज ठेवतो, कोणी स्वतःचा गुन्हा ठेवतो. पण मला कळत नाही म्हणजे त्या महाराजाला कळतं, हे कुठून आलं? तुझ्या बुद्धीला हद्द आहे तशी त्याच्याही बुद्धीला आहेच. एवढ्यासाठी म्हणते की तुझ्या रडण्याने तुझा हक्क गेलेला नाही.

आईच्या बाबतीत मला सत्यजित रायचा 'देवी' आठवतो, १९६० चा, शर्मिला टागोर अगदी पोरवयाची आहे त्यात. एकोणिसाव्या शतकातला बंगाल, जमीनदार सासऱ्याला स्वप्न पडतं की आपली धाकटी सून दयामयी ही साक्षात कालीमाता आहे, आणि तो तिच्या पाया पडतो. तिला मखरात बसवून पूजा सुरू होते. एक मरणाला टेकलेलं पोर तिच्यापुढे आणून ठेवतात आणि ते बरं होतं, राय याचं काही स्पष्टीकरण देत नाही. कोलकात्याला शिकलेला नवरा परत येतो, चिडतो, वाद घालतो, पण बापापुढे त्याचं काही चालत नाही, आणि तिला गुपचूप पळवून न्यायला निघतो तर ती नदीकाठी थांबते आणि म्हणते, मी खरंच देवी असले तर? पुढे घरातलाच लाडका पुतण्या आजारी पडतो, औषधपाण्याऐवजी त्याला देवीच्या मांडीवर ठेवतात, आणि तो जातो. त्या घरात श्रद्धा भरपूर होती, नवऱ्याकडे तर्कही होता, पण त्या मुलीला तुला काय होतंय, तुला काय हवंय, असं वेळेवर आणि शांतपणे कोणीच विचारलं नाही.

म्हणून विचारते, तुमच्या घरात देवघर नव्हतं हे तू अभिमानाने लिहिलंयस, ठीक आहे, पण आईला ते हवं होतं का हे कधी कोणी विचारलं होतं? कदाचित तिलाही नको असेल. कदाचित हवं असेल आणि बाबांच्या कामाचा मान राखून ती गप्प राहिली असेल. मला माहीत नाही, तुलाही माहीत नसेल, तिला विचार. बाबांचं भाषण तिला परत ऐकवू नकोस, ते तिचं तुझ्यापेक्षा जास्त पाठ असणार. जवळ बस, आणि विचार की बाबांशी बोलायचं काय राहून गेलं. तुझंही राहिलंय ते तिला सांग. ऑपरेशनचा निर्णय, एक्सेल, सगळं सांग, मला दाट शंका आहे की तू हे तिच्याशी नीट बोललेलाच नाहीस आणि तीही मनातल्या मनात आपण तेव्हा अडवायला हवं होतं का याचा विचार करतेय.

तिला पोथी वाचावीशी वाटली तर वाचू दे, फोटोला हार घालावासा वाटला, आळंदीला जाऊन यावंसं वाटलं तर गाडी काढ आणि घेऊन जा, बाबांच्या चळवळीची भूमिका कायम हीच होती की विरोध आहे तो देवाधर्माच्या नावावर होणाऱ्या फसवणुकीला आणि शोषणाला. रेघ कुठे ओढायची ते सांगते: कोणी तिला घाबरवत असेल, पैसे मागत असेल, गोळ्या बंद करायला सांगत असेल किंवा घरच्यांपासून लपवून ठेव म्हणत असेल, तिथे तू आडवा पडायचं, तेव्हा शब्द फुटला नाही तरी चालेल, नुसता आडवा पड. त्या नातेवाईकाशी तू स्वतः बोल, आईसमोर नको, तिचा पाणउतारा व्हायला नको. त्याने ऐकलं नाही तर बाबांचे जुने सहकारी असतीलच, त्यांना हाताळायची सवय आहे असल्या लोकांना, आणि गरज पडली तर पोलीस स्टेशनला तक्रार देताना तेच बरोबर येतील.

आईबरोबर सिनेमा बघायचा असेल तर ऑर्डेट राहू दे, प्रभातचा 'संत तुकाराम' लाव, १९३६ चा, तिने लहानपणी बघितला असेल. त्यात तुकोबा शेवटी विमानात बसून वैकुंठाला जातात, आणि जिजाई मागे राहते, कारण पोरं आहेत, घर आहे. विष्णुपंत पागनीस तर ग्रेटच, पण गौरीने केलेली जिजाई बघ, नवरा देवाच्या मागे लागलेला असताना चूल पेटती ठेवणारी, विठ्ठलावरही कावणारी. नवरा चळवळीच्या मागे असताना घर सांभाळलेल्या बाईला ती जवळची वाटेल असं मला वाटतं, आणि कदाचित त्यावरून ती बोलायला लागेल.

डेकॅलॉग मात्र इतक्यात एकट्याने लावू नकोस. मी सगळी गोष्ट सांगितलीय, आत्ता तेवढी पुरे. पुढे कधी बघावासा वाटला तर बायकोला बरोबर घे, तिला आधी सांगून ठेव की यात एक बाप आणि एक गणित आहे, आणि सिनेमा संपल्यावर कोणाचा विश्वास आहे कोणाचा नाही यावर त्या रात्री बोलायचं नाही.